नॅसकार ड्रायव्हरची कारकीर्द कशी वाचावी: विजयांच्या बेरजेपलीकडे जाण्याची रीत

नॅसकार ही अमेरिकेतली स्टॉक कार शर्यतींची (रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींची) संघटना आणि कप सिरीज ही तिची सर्वांत वरची मालिका. रिचर्ड पेटीच्या नावावर कप सिरीजचे २०० विजय आहेत. जेफ गॉर्डनचे ९३ आणि जिमी जॉन्सनचे ८३. विजेतेपदं, म्हणजे पूर्ण मोसमातला पहिला क्रमांक, मोजली तर पेटी, डेल अर्नहार्ट आणि जॉन्सन या तिघांचीही सात-सात. एवढ्याच आकड्यांवर थोर कोण याचा निकाल लावणारे पुष्कळ भेटतात आणि मला दर वेळी वाटतं, ह्यांनी आणखी एक तास दिला असता तर केवढं काही हाती लागलं असतं. स्टॉक कार रेसिंगच्या नोंदी फार बोलक्या आहेत, पण त्या वाचण्याची एक रीत आहे. ती ठाऊक नसेल तर अर्धवट गाडीवर दहावा आलेला माणूस दिसतच नाही आणि उत्तम गाडीवर पाचवा आलेला मोठा वाटू लागतो.

हा लेख मुख्यतः दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनात राहणारे मराठी लोक. नॅसकारचे बहुतेक संघ शार्लटच्या आसपास, मूर्सव्हिल, काँकर्ड, हंटर्सव्हिल या गावांत आहेत, तेव्हा शेजारी, ऑफिस आणि मुलांची शाळा अशा तिन्ही ठिकाणी हा विषय निघतोच. दुसरे, भारतात बसून फॉर्म्युला वन बघणारे आणि आता इकडेही डोकावू पाहणारे. कोणताही एक ड्रायव्हर निवडा, वही-पेन घ्या आणि पुढच्या क्रमाने चला. एका संध्याकाळी एका माणसाची कारकीर्द नीट समजते.

पायरी १: तक्ता उघडा आणि रकाने ओळखा

रेसिंग-रेफरन्स या संकेतस्थळावर प्रत्येक ड्रायव्हरचा वर्षवार तक्ता मिळतो. आधी फक्त कप सिरीजचा भाग घ्या. खालच्या पातळीच्या मालिका त्याखाली वेगळ्या दिलेल्या असतात, त्या तूर्त झाकून ठेवा. रकाने साधारण असे असतात: वर्ष, किती शर्यती, किती विजय, पहिल्या पाचांत किती वेळा, पहिल्या दहांत किती वेळा, पोल (म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून सुरुवात) किती, एकूण फेऱ्या, आघाडीवर राहून काढलेल्या फेऱ्या, कमाई, मोसमाअखेरचा क्रमांक, सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थानाची सरासरी.

यातला कमाईचा रकाना सोडून द्या. ती रक्कम सगळी ड्रायव्हरच्या खिशात जात नसे, जुन्या डॉलरची नव्याशी तुलना होत नाही आणि २०१६ पासून बक्षिसाची रक्कम जाहीर करणंच बंद झालं. वहीत चारच गोष्टी उतरवा: शर्यती, विजय, पहिल्या पाचांतले निकाल आणि आघाडीच्या फेऱ्या. विजय कधी कधी नशिबाने मिळतो. पण शंभर-दोनशे फेऱ्या सगळ्यांच्या पुढे राहणं कुणालाही नशिबाने जमत नाही. म्हणून एखाद्या मोसमात विजय कमी आणि आघाडीच्या फेऱ्या खूप दिसल्या तर त्या वर्षाला खूण करा. तिथे काहीतरी घडलेलं असतं: इंजिन गेलेलं, टायर फुटलेलं किंवा पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबण्याच्या जागी, घोळ झालेला.

पायरी २: काळ ठरवा, १९७२ ची रेघ ओढा

नॅसकारची स्थापना १९४८ ची. आज जिला कप सिरीज म्हणतात तिची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लटला झाली. (पहिला आलेला ग्लेन डनवे गाडीच्या मागच्या स्प्रिंगमध्ये बेकायदा बदल सापडल्याने बाद झाला आणि विजय जिम रोपरला मिळाला, म्हणजे गाडीच्या तपासणीचे वाद पहिल्या दिवसापासूनचे.) पुढची दोन दशकं वेळापत्रक अफाट होतं. १९६४ च्या मोसमात ६२ शर्यती झाल्या. एकाच आठवड्यात दोन-तीन शर्यती, त्यातल्या पुष्कळशा अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर आणि दर ठिकाणी सगळे नामांकित ड्रायव्हर येतीलच असं नाही. १९७१ मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीचा पैसा तिच्या विन्स्टन सिगारेटच्या नावाने आला आणि १९७२ पासून वेळापत्रक ४८ शर्यतींवरून ३१ वर आणलं गेलं. छोट्या शर्यती गळाल्या. आज मोसमात ३६ गुणांच्या शर्यती असतात.

म्हणून वहीत १९७१ आणि १९७२ च्या मध्ये ठळक रेघ ओढा. पेटीच्या बाबतीत रेघेच्या वर १४० विजय येतात, खाली ६०. क्रिकेटमध्ये उघड्या खेळपट्टीवरच्या सरासरीची आजच्या सरासरीशी थेट तुलना आपण करत नाही, तसंच हे. पण यावरून पेटीचे १४० विजय हलके ठरवायचं असेल तर थांबा. १९६७ मध्ये त्याने ४८ शर्यतींत २७ जिंकल्या, त्यातल्या दहा ओळीने. तेव्हाच्या गाड्या वाटेत मोडायच्या. इंजिन, गिअर, चाकाचे बेअरिंग, काहीही जायचं. इतक्या वेळा गाडी शेवटपर्यंत टिकवणं हे पेटी घराण्याच्या वर्कशॉपचं आणि त्याच्या स्वतःच्या हाताचं मोठं श्रेय आहे.

इथे टक्केवारी काढा. पेटी: ११८४ शर्यतींत २००, म्हणजे सुमारे १७ टक्के. डेव्हिड पिअरसन: ५७४ शर्यतींत १०५, सुमारे १८ टक्के. टिम फ्लॉक: १८७ शर्यतींत ३९, जवळजवळ २१ टक्के. गॉर्डन: ८०५ शर्यतींत ९३, साडेअकरा टक्के. अर्नहार्ट: ६७६ शर्यतींत ७६, सव्वाअकरा.

पिअरसनकडे बघा. त्याची विजेतेपदं तीनच, १९६६, १९६८ आणि १९६९. त्यावरून त्याला पेटीच्या खाली बसवणारे हे विसरतात की पुढे वुड ब्रदर्स या संघाच्या गाडीत तो सगळा मोसम खेळतच नसे. ते मोठ्या ट्रॅकच्या निवडक शर्यतींना जात. १९७३ मध्ये त्याने १८ शर्यतींत ११ जिंकल्या. विजेतेपदाच्या रकान्यात त्या वर्षी त्याच्यापुढे काहीच नाही, आणि तरीही माझ्या मते तो आधुनिक काळातला सर्वांत अचाट मोसम आहे. ‘शर्यती’चा रकाना न बघता ‘विजेतेपद’ बघणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही.

पायरी ३: विजेतेपद कोणत्या गुणपद्धतीत मिळालं ते लिहा

ही पायरी सर्वांत किचकट आणि सर्वांत महत्त्वाची. घाई करू नका.

१९७५ पासून २००३ पर्यंतची पद्धत सातत्याला बक्षीस देणारी होती. पहिल्याला १७५ गुण, दुसऱ्याला १७०. एक फेरी आघाडीवर राहिल्यास पाच, सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहिल्यास आणखी पाच. म्हणजे जिंकणं आणि दुसरं येणं यांत फारसा फरकच नव्हता, मात्र एक शर्यत अर्ध्यात सुटली की मोठा फटका बसे. याचं टोक २००३ मध्ये दिसलं. मॅट केन्सेथने एकच शर्यत जिंकली आणि विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी रायन न्यूमनने आठ जिंकल्या आणि तो सहावा आला.

२००४ पासून शेवटच्या दहा शर्यतींचा ‘चेस’ आला. पहिल्या २६ शर्यतींनंतर पुढच्या ड्रायव्हरांचे गुण जवळजवळ सारखे करायचे आणि मग दहा शर्यतींत निकाल लावायचा. २००७ मध्ये जेफ गॉर्डन तब्बल ३० शर्यतींत पहिल्या दहांत आला. जुन्या हिशेबाने विजेतेपद त्याचंच होतं, पण चेसमध्ये जिमी जॉन्सन पुढे गेला. गॉर्डनच्या नावापुढे चार लिहिलं जातं तिथे या वर्षाची टीप असलीच पाहिजे. २०११ मध्ये टोनी स्टुअर्ट आणि कार्ल एडवर्ड्स यांचे गुण सारखे, २४०३ झाले. स्टुअर्टचे विजय पाच, एडवर्ड्सचा एक, म्हणून स्टुअर्ट विजेता. स्टुअर्टचे ते पाचही विजय शेवटच्या दहा शर्यतींतले होते. शिवाय त्या संघाचा तो सहमालकही होता.

२०१४ ते २०२५ या काळात शेवटच्या दहा शर्यतींत टप्प्याटप्प्याने ड्रायव्हर बाद होत आणि शेवटच्या शर्यतीत उरलेल्या चौघांत जो पुढे तो विजेता ठरत असे. २०१४ मध्येच रायन न्यूमन एकही शर्यत न जिंकता शेवटच्या चौघांत पोहोचला आणि एका गुणाने दुसरा आला. एकाच माणसाची ही दोन वर्षं शेजारी ठेवा. आठ विजय आणि सहावा, शून्य विजय आणि दुसरा. गुणपद्धत कारकीर्दीचं रूप किती बदलते हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

ताजं उदाहरण डेनी हॅमलिनचं. २०२५ अखेर त्याचे ६० विजय आहेत आणि विजेतेपद एकही नाही. त्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत, फीनिक्सला, तो २०८ फेऱ्या आघाडीवर होता. अगदी शेवटी पिवळा झेंडा (धोक्याची खूण, सगळ्यांनी वेग कमी करायचा) आला, सगळे टायरसाठी पिटमध्ये शिरले आणि विजेतेपद काईल लार्सनला मिळालं, जो त्या शर्यतीत एक फेरीही आघाडीवर नव्हता. नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होते, त्यामुळे लार्सनचं श्रेय कमी होत नाही. पण हॅमलिनच्या ‘०’ पुढे हे लिहिल्याशिवाय तुमची वही अपुरी आहे.

तेव्हा प्रत्येक विजेतेपदासमोर पद्धतीचं नाव लिहा आणि त्याच वर्षी सर्वाधिक विजय कुणाचे, पहिल्या पाचांत सर्वाधिक वेळा कोण, हे शोधून बाजूला ठेवा.

पायरी ४: गाडी कुणाची, क्रू चीफ कोण

ड्रायव्हर एकटा जिंकत नाही. मालक पैसा आणि इंजिन पुरवतो, क्रू चीफ गाडी बसवतो आणि पिटमध्ये कधी यायचं ते ठरवतो. पेटीच्या सातही विजेतेपदांच्या वेळी डेल इनमन होता, जॉन्सनच्या सातही वेळी चॅड नाऊस. गॉर्डनच्या पहिल्या ४९ विजयांपैकी ४७ रे एव्हरनहॅमच्या हाताखालचे. एव्हरनहॅम १९९९ मध्ये संघ सोडून गेल्यावर काय होतं ते वर्षवार बघा: २००० मध्ये घसरण, २००१ मध्ये रॉबी लूमिससोबत पुन्हा विजेतेपद. नवा माणूस घेऊन वर येता येणं ही ड्रायव्हरच्या गुणवत्तेची स्वतंत्र खूण आहे, तिला वहीत जागा द्या.

उलट बाजूला ॲलन कुल्विकी. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला, विस्कॉन्सिनहून एकटा आलेला. मोठ्या मालकांची बोलावणी नाकारून त्याने स्वतःचा संघ चालवला आणि १९९२ चं विजेतेपद बिल इलियटपेक्षा फक्त दहा गुणांनी जिंकलं. पुढच्याच वर्षी १ एप्रिलला विमान अपघातात तो गेला. कारकीर्दीत विजय पाचच. पण ते पाच कुणाच्या गाडीतले, हे विचारल्यावर आकड्याचं वजन बदलतं.

आणि वेंडेल स्कॉट. या माणसासाठी मी वाचकांना मुद्दाम थांबायला सांगेन. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा हा कृष्णवर्णीय ड्रायव्हर १९६१ ते १९७३ या काळात कप सिरीजमध्ये उतरला, तेही वर्णभेद उघडउघड चालत असलेल्या दक्षिणेत. गाड्या जुन्या, दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या. मेकॅनिक तो स्वतः आणि मदतीला घरची मुलं. तक्त्यात ४९५ शर्यती आणि एक विजय दिसतो. नजर तिथेच थांबली तर सगळं हुकलं. पुढचा रकाना बघा: पहिल्या दहांत १४७ वेळा. १९६६ मध्ये तो गुणतक्त्यात सहावा होता.

आणि तो एक विजयसुद्धा कसा मिळाला? १ डिसेंबर १९६३, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल. स्कॉट पुढे होता, पण झेंडा आणि करंडक बक बेकरला दिला गेला. काही वेळाने फेऱ्यांची मोजणी चुकल्याचं मान्य करून विजय स्कॉटच्या नावावर केला, तोवर प्रेक्षक निघून गेले होते. त्याच्या हयातीत योग्य करंडक त्याला मिळालाच नाही. १९९० मध्ये तो वारला, २०१५ मध्ये नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला आणि २०२१ मध्ये करंडक त्याच्या कुटुंबाला दिला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगाला बबा वॉलेस जिंकला, कप सिरीजमधला दुसरा कृष्णवर्णीय विजेता. दोन विजयांमध्ये जवळजवळ ५८ वर्षं. हे अंतर कुठल्याही रकान्यात छापलेलं नसतं.

पायरी ५: विजय कोणत्या ट्रॅकवरचे

मार्टिन्सव्हिल जेमतेम साडेआठशे मीटरचा, ब्रिस्टल तेवढाच पण तीव्र उताराचा, शार्लट दीड मैलाचा, डेटोना अडीच मैल म्हणजे चार किलोमीटरचा, टॅलाडेगा त्याहून मोठा. वॉटकिन्स ग्लेन आणि सोनोमा हे उजवी-डावी वळणं असलेले रोड कोर्स. प्रत्येकाचं कसब वेगळं. विजयांची यादी उघडून या गटांत वाटणी करा.

न्यूझीलंडच्या शेन व्हॅन गिसबर्गनने २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर पदार्पणातच शर्यत जिंकली. २०२५ मध्ये त्याने पाच जिंकल्या आणि पाचही रोड किंवा स्ट्रीट कोर्सवर. ओव्हल ट्रॅकवर तो अजून शिकतो आहे, हे त्याच्या सरासरी स्थानात स्पष्ट दिसतं.

डेटोना आणि टॅलाडेगाचे विजय वेगळ्या रकान्यात ठेवा. तिथे गाड्या एकमेकांना चिकटून झुंडीने धावतात आणि शेवटच्या फेरीच्या धडकाधडकीत निकाल उलटतो. मायकेल मॅकडॉवेल २०२१ ची डेटोना ५०० जिंकला, तो त्याच्या ३५८ व्या शर्यतीतला पहिला विजय. याउलट डेटोनाच्या ट्रॅकवर वेगवेगळ्या शर्यती मिळून ३४ वेळा जिंकलेल्या अर्नहार्टला मुख्य डेटोना ५०० मात्र विसाव्या प्रयत्नात, १९९८ मध्ये मिळाली. एका शर्यतीवरून माणूस जोखू नये, मग ती कितीही मोठी असो.

पायरी ६: आता झाकलेल्या मालिका उघडा

ट्रक सिरीज (पिकअप ट्रकांची मालिका) १९९५ पासून आहे, दुसऱ्या पातळीची मालिका १९८२ पासून. तिचं नाव प्रायोजकाप्रमाणे बदलत आलं: बुश, नेशनवाइड, एक्सफिनिटी. काईल बुशने दुसऱ्या पातळीवर १०२ शर्यती जिंकल्या आहेत. हा विक्रम खरा, पण तो कपच्या ६३ विजयांमध्ये मिसळू नका. २०११ पासून ड्रायव्हरला एकाच मालिकेत विजेतेपदाचे गुण मिळतात, त्यामुळे त्याआधीचा आणि नंतरचा हिशेबही वेगळा.

याच रकान्यात आपल्या ओळखीचं एक नाव सापडेल. फॉर्म्युला वनमध्ये गेलेला पहिला भारतीय, कोईमतूरचा नारायण कार्तिकेयन, २०१० मध्ये ट्रक सिरीजमध्ये उतरला होता.

पायरी ७: रिकाम्या जागा

वर्षवार तक्त्यात शर्यतींचा आकडा अचानक कमी झाला की कारण शोधा. २०१५ मध्ये काईल बुशचा पाय डेटोनाच्या अपघातात मोडला, ११ शर्यती बुडाल्या आणि तरी त्याच मोसमाचा विजेता तो ठरला. डेल अर्नहार्ट ज्युनिअर २०१६ चा उत्तरार्ध मेंदूला बसलेल्या धक्क्यामुळे बाहेर होता आणि २०१७ नंतर थांबला. अर्नी अर्व्हन ऑगस्ट १९९४ मध्ये मिशिगनला इतका जबर जखमी झाला की तो जगेल याची खात्री नव्हती. १९९७ मध्ये त्याच मिशिगनला तो जिंकला.

काही तक्ते मध्येच संपतात. मे २००० ते फेब्रुवारी २००१ या काळात ॲडम पेटी, केनी अर्विन ज्युनिअर, टोनी रोपर आणि १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला. त्यानंतर डोकं आणि मान सांभाळणारी पट्टी सक्तीची झाली, ट्रॅकच्या भिंतींना धक्का शोषणारे आवरण आलं. २००१ नंतर लांबलेल्या कारकिर्दींचे आकडे वाचताना या बदलाची किंमत कुणी मोजली ते ध्यानात असू द्या.

पायरी ८: नोंद बदललेली नाही ना, ते पाहा

जुन्या पुस्तकांत बॉबी ॲलिसनचे ८४ विजय सापडतील. १९७१ मध्ये बोमन ग्रे स्टेडियमवर तो फोर्ड मस्टँगमध्ये जिंकला होता, पण ती गाडी दुसऱ्या वर्गाची असल्याने त्या शर्यतीचा विजेता म्हणून कुणाचीच नोंद झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नॅसकारने तो विजय मान्य केला आणि आकडा ८५ झाला. पुढच्याच महिन्यात ॲलिसन गेला. तेव्हा तक्ता नेहमी ताजा घ्या.

सरावासाठी: मार्क मार्टिन

आता सगळ्या पायऱ्या एका माणसावर लावून बघा. मार्क मार्टिन: ४० विजय, विजेतेपदं शून्य, पाच वेळा दुसरा. वरवर पाहिलं तर कमनशिबी माणूस. वही उघडा. १९८२ मध्ये स्वतःच्या संघातून मोसम, मग पैसा संपला, गाड्या विकल्या आणि तो मिडवेस्टच्या एएसए (अमेरिकन स्पीड असोसिएशन) मालिकेत परतला, तिथे त्याची चार विजेतेपदं आहेत. १९८८ मध्ये संघमालक जॅक राउशने त्याला कप सिरीजमध्ये परत आणलं. १९९० मध्ये मोसमाच्या दुसऱ्याच शर्यतीनंतर कार्ब्युरेटरखालच्या स्पेसर नावाच्या भागावरून संघाचे ४६ गुण कापले गेले आणि अर्नहार्टपेक्षा तो २६ गुणांनी मागे राहिला. १९९८ मध्ये त्याने सात शर्यती जिंकल्या, जे एरवी विजेतेपदाला पुरलं असतं, पण त्या वर्षी गॉर्डनने १३ जिंकल्या. २००९ मध्ये हेंड्रिक संघाच्या गाडीत, वयाच्या पन्नाशीत, पाच विजय आणि पुन्हा दुसरा क्रमांक, या वेळी जॉन्सनमागे.

या पाच वर्षांसमोर गुणपद्धत, मालक आणि त्या वर्षीचा विजेता लिहा. मग हेच पान हॅमलिनसाठी आखा आणि दोन्ही शेजारी ठेवा. हॅमलिनच्या पानावर मालकाच्या रकान्यात पहिल्यापासून एकच नाव आहे, जो गिब्स. मार्टिनच्या पानावर १९८४ ते १९८७ या जागेत जवळजवळ काहीच नाही.